वळणाच्या आधीपासून चाळीस

रस्त्याच्या कडेला नारंगी जाकीट घातलेला माणूस दिसला की गाडी आपोआप हळू होते. आमच्या कामातली सगळी अडचण या एका वाक्यात आली. आम्हाला मोजायचा असतो गाडीचा रोजचा वेग, आणि गाडीवाला आम्हाला दाखवतो सणासुदीचा.

मी गाड्यांचा वेग मोजतो. म्हणजे मोजणाऱ्यांच्या हाताखाली असतो. आमच्या कंपनीला सरकारी रस्त्यांच्या पाहणीची कामं मिळतात. कुठल्या रस्त्यावर किती वेगाला परवानगी आहे, ती ठीक आहे का, कुठे कमी करायला हवी, हे बघून अहवाल द्यायचा. निर्णय जिल्ह्याची समिती घेते. लोकांना वाटतं की आम्हीच बोर्ड ठोकतो आणि आम्हीच तो आकडा ठरवतो. मी पुष्कळदा सांगून पाहिलं. आता सांगत नाही, चहा दिला तर पितो.

माझं गाव दोडामार्गाकडचं, गोव्याच्या हद्दीला लागून. महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर लावला तर आमचं गाव खालच्या पट्टीला चिकटलेलं आणि मी आता राहतो ते नंदुरबार वरच्या पट्टीला. सातवीनंतर शाळा सुटली. घरी हात हवे होते, त्यात नवल काही नाही, आमच्याकडे अर्ध्या वर्गाचं तसंच झालं. मग डांबराच्या गँगबरोबर रस्ते करत करत वर सरकलो, इथे येऊन गँग मोडली, मुकादम निघून गेला आणि मी राहिलो. सुरुवातीला कोणी "कुठला रे तू?" विचारलं की मी सांगायचो, "कोकणी." लोक म्हणायचे, "मग नवापूरकडला शे का?" नवापूरकडे कोकणी आदिवासींची गावंच्या गावं आहेत हे मला कुठे ठाऊक! एका किराणावाल्याने मला तिकडच्या दोन-चार माणसांची खुशाली विचारली आणि मी घाबरून "बरे आहेत" म्हणून सांगून टाकलं. नंतर किती दिवस मी त्या दुकानावरून जात नव्हतो.

मला सांभाळलं ते दोन माणसांनी. एक सत्तारचाचा. आमच्या पाहणीच्या जीपचे ड्रायव्हर. त्यांचं घराणं नंदुरबारात पिढ्यान्‌पिढ्यांचं, वडील लोहारकाम करायचे. त्यांनी मला मागची खोली दिली आणि कंपनीत चिकटवलं. दुसऱ्या आमच्या मॅडम, जळगावच्या, इंजिनिअर. वयाने माझ्याहून लहान, पण मी अहो-जाहो करतो आणि त्याही मला "काका" म्हणतात. पहिल्या महिन्यात मी नुसता दोरी धरायचो. एक दिवस त्यांनी वेग मोजायची बंदूक माझ्या हातात दिली. स्पीडगन म्हणतात तिला. मी म्हटलं, "मॅडम, मी सातवी." त्या म्हणाल्या, "काका, ती कुठे विचारतेय?"

आता हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो.

रस्त्यावर एका जागी बसायचं, शक्यतो कोणाच्या नजरेत न येता. येणाऱ्या गाडीवर बंदूक धरायची, आकडा येतो, तो लिहायचा. अशा पुष्कळ गाड्या झाल्या की आकडे चढत्या क्रमाने मांडायचे. समजा शंभर गाड्या मोजल्या, तर त्यातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत आहेत तो वेग धरायचा. त्याच्या आसपास मर्यादा ठेवायची असा एक ढोबळ रिवाज आहे. यामागचा विचार असा की बहुतेक माणसं शहाणी असतात, रस्ता बघून गाडी चालवतात, वेडे थोडेच. शिवाय वस्ती, शाळा, वळण, पायी चालणारे, आधीचे अपघात हे सगळं बघायचं असतं. पण सुरुवात त्या आकड्यापासून.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे उलटंच वाटलं. लोक जोरात चालवतात म्हणून मर्यादा वाढवायची? मॅडम म्हणाल्या, रस्ता ऐंशीचा दिसत असेल आणि बोर्डावर तीस लिहिलं तर कोणी मानत नाही. काही मानतात, काही मानत नाहीत, आणि मग हळू चालणाऱ्याच्या पाठीत जोरात चालणारा बसतो. ते मात्र मला लगेच पटलं. हंगामात शहाद्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात, गाणी लावून, बैलाच्या चालीने. त्यांच्या वेगाने कोणी मरत नाही. त्यांच्या आणि मागून येणाऱ्याच्या वेगात जो फरक असतो, तो मारतो.

लपून बसणं हे या कामातलं मोठं कसब, आणि खानदेशात ते फार अवघड. आमची युक्ती अशी की जीप कडेला घ्यायची, बोनेट उघडून ठेवायचं, म्हणजे गाडी बिघडलीय असं वाटतं आणि पलीकडच्या मोरीच्या कठड्याआड मी बंदूक घेऊन बसतो. पण इथली माणसं अशी की बिघडलेली गाडी दिसली की थांबलीच. मोटारसायकलवाला थांबतो, टेम्पोवाला थांबतो, बैलगाडीवालाही उतरून बोनेटमध्ये डोकं घालतो. "काय व्हयनं चाचा? पाना देऊ का?" झालं, मागच्या सगळ्या गाड्या हळू. सत्तारचाचा एकेकाला वाटेला लावायचे. "काही नही रे बाबा, गरम व्हई गई, तिले श्वास घेऊ दे." एकदा एका माणसाने घरी जाऊन घागरभर पाणी आणलं. ते ओतावंच लागलं. चांगल्या थंड रेडिएटरमध्ये.

दुसरी भीती जमिनीची. ब्राह्मणपुरीच्या बाजूला एकदा आम्ही टेप लावून रस्त्याची रुंदी घेत होतो. केळीच्या बागेतून एक गुजर शेतकरी आले, पांढरं धोतर, हातात विळा. बराच वेळ नुसते बघत उभे. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, खरं सांग. मन्ही केळीना किती पट्टा जाई?"

"काही जात नाही हो. आम्ही जमीन मोजत नाही, गाड्यांचा वेग मोजतो."

"वेग मोजीसन काय करतस?"

"जास्त असेल तर कमी करायला सांगतो."

ते हसले. "वेग कमी कराले टेप लागस का?" आणि तरी केळीचा घड जीपमध्ये ठेवलाच. मॅडम नको नको म्हणत राहिल्या. चाचा म्हणाले, "मॅडम, राहू द्या. नही घेतला तर त्यांना खात्री होईल की पट्टा जाणार."

हे सगळं गमतीचं. आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

म्हसावदच्या रस्त्यावर एक फाटा आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांचीही नावं बदलली आहेत, पण तिकडचे लोक ओळखतील. फाट्यापाशी रस्ता सरळ, नवा, गुळगुळीत. एका बाजूला बस थांबते आणि कलाबाईंचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, चहा, भजी, सकाळी पोहे. दुसऱ्या बाजूला वस्ती, तिथे कलाबाईंचं घर. हॉटेलात उभं राहून डावीकडे बघितलं तर रस्ता एका टेकाडाला वळसा घालून येतो. वळणापलीकडचं काही दिसत नाही. गाडी दिसते तेव्हा ती जवळपास आलेलीच असते.

कलाबाईंचे यजमान दगाभाऊ. याच रस्त्यावर त्यांना पिकअप गाडीने उडवलं होतं. जीव वाचला, पण एका पायात सळई, दुसऱ्यात जोर नाही, चालतात ते वॉकर धरून. त्या वॉकरला ते "मन्ही फटफटी" म्हणतात. सकाळी घरून हॉटेलात, दुपारी औषध आणि जेवणासाठी घरी, परत हॉटेलात, संध्याकाळी घरी. गल्ल्यावर बसून सुटे पैसे देतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतात. रस्ता नवा झाल्यापासून प्रत्येक वेळी कलाबाई भजी कढईत सोडून त्यांच्याबरोबर पलीकडे जायच्या. तेल जळायचं, गिऱ्हाईक निघून जायचं. त्यांनी एकदा ठरवलं की आता यांना घरीच ठेवायचं. दगाभाऊ दोन दिवस घरी पडून राहिले आणि तिसऱ्या दिवशी बाईंचा डोळा चुकवून एकटेच निघाले. रस्त्याच्या मध्यावर होते तेव्हा टँकर आला, हॉर्न वाजवत, बाजूने गेला. कलाबाईंनी ते चुलीपाशी उभं राहून बघितलं. मग त्यांनी अर्ज केला. ग्रामपंचायतीकडून, बांधकाम खात्याकडे, पोलिसांत, जिथे कोणी सांगेल तिथे. मागणी एकच, फाट्यावर वेग कमी करा. ऐंशीची मर्यादा होती तिथे. तो अर्ज फिरत फिरत पाहणीसाठी आमच्याकडे आला.

मी दगाभाऊंना पहिल्यांदा विचारलं होतं, "घरी आराम का करत नाही?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, तू कोठला?"

"लांबचा. कोकणातला."

"मंग घर सोडीसन आठे कसाले उना? घरमा आराम नव्हता का?"

मी इथे कशाला आलो ते सांगायचं सोडून मी चहाचा कप उचलला. ते म्हणाले, "घरमा पडी ऱ्हायनू ना, ते मी चार भिती मोजसू. आठे बसनू ते माणसं मोजस."

आमची पहिली पाहणी झाली त्या दिवशी हवा चांगली होती, गाड्या पुष्कळ होत्या, बंदूक नीट चालत होती. आकडे मात्र भलतेच आले. पस्तीस, अडतीस, बेचाळीस. मोटारसायकली तर जणू मिरवणुकीत. टेम्पोवाले आमच्यासमोरून जाताना दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ सरळ. एकाने तर मला हात जोडून नमस्कार केला. दुपारी दगाभाऊ रस्ता ओलांडायला निघाले तर दोन्हीकडे गाड्या थांबल्या. दगाभाऊ मध्यावर थांबून इकडेतिकडे बघायला लागले, की आज काय आहे, कोण मंत्री येतोय?

संध्याकाळी मॅडमनी आकडे मांडले. त्यांचा चेहरा बघून मी विचारलं, "काय झालं?"

"काका, या आकड्यांवरून इथे काहीच करायची गरज नाही. सगळेच हळू चालवतात. समिती म्हणेल, आहे ते ठीक आहे."

हे कलाबाईंनी ऐकलं. हातातला झारा तसाच धरून त्या बाहेर आल्या. "ठीक शे? आजनं खोटं शे ताई! आज बठा शाना व्हयेल शेतस. रोज असा ऱ्हातीन ते मी अर्ज कसाले करतू?"

मग उलगडा झाला. सरपंच आप्पांनी आदल्या दिवशी मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून सांगितलं होतं, उद्या मोजणीवाले सायेब येणार आहेत, कोणी गाडी पळवू नका, चलान फाडतील, गावाचं नाव खराब होईल. आजूबाजूच्या दोन-तीन गावांतही फोन गेले. आणि सगळ्यांनी ऐकलं. एरवी भोंग्यावरून पाणीपट्टी भरा म्हणून सांगितलं तर कोणी ऐकत नाही.

आप्पा तिथेच बसले होते, चहा पीत. पन्नाशीतला माणूस, पांढरा सदरा, बोलण्यात दम. कलाबाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "आप्पा, तुमले कोणी सांगं व्हतं भोंगा वाजाडाले?"

"अवं कलाबाई, मी ते तुन्हाच करता सांगं! गावमा सायेब येतस, पोरे बेफाम गाड्या पळाडतस, कसं दिसी ते?"

"तेच ते दावानं व्हतं ना!"

आप्पांचा चहा तसाच राहिला. मला त्यांची दया आली. खरं सांगायचं तर त्यांनी काही वावगं केलं नव्हतं. आमच्या गावीही शाळेत तपासणीला साहेब यायचा तेव्हा आदल्या दिवशी गुरुजी आम्हाला अंगण सारवायला लावायचे. पाहुणा येणार म्हटलं की घर आवरायचंच. इथे घर आवरलं आणि दुखणंच झाकलं गेलं.

मॅडम म्हणाल्या, "आप्पा, आम्ही परत येऊ. पण कधी ते सांगणार नाही. आणि कृपा करून भोंगा लावू नका."

"नही, नही," आप्पा म्हणाले. "आते मी काय करस ते पाहा."

हे शेवटचं वाक्य आम्ही नीट ऐकायला हवं होतं.

काही दिवसांनी आम्ही न सांगता गेलो. जीप लांब उभी केली, बोनेट उघडलं, मी वळणाच्या तोंडाशी निंबाच्या आडोशाला बसलो. तिथून मला वळणही दिसत होतं आणि हॉटेलही. मॅडम हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून. पण जीप आता ओळखीची झाली होती. बोनेट उघडलं काय आणि झाकलं काय. पहिला थोडा वेळ आकडे ठीक वाटले, साठ, पासष्ट, एखादा सत्तरचा. हा रोजचा वेग असावा. मग एकदम पंच्याऐंशी. मग नव्वद. एक लाल पिकअप नव्वदच्या वर गेली. जरा वेळाने तीच लाल पिकअप उलट्या दिशेने, परत तेवढ्याच जोरात. मोटारसायकलवाले मान खाली घालून, शर्यतीत असल्यासारखे. एकजण जाताना माझ्या दिशेने हात हलवून ओरडला, "लिखा, काका, लिखा!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मागच्या वेळी हळू चालवून चुकलं ना? मग आता जोरात चालवून गावाचं काम करायचं. आप्पांनी पोरांना सांगितलं होतं, मोजणीवाले दिसले की दाखवा खरा वेग. पोरांनी खऱ्यावर आणखी घातला. गावासाठी म्हणून.

मी फोन काढून मॅडमना लावत होतो, हे थांबवायला पाहिजे म्हणून. तेवढ्यात हॉटेलकडून दगाभाऊ निघाले. दुपारच्या औषधाची वेळ. कलाबाई कढईपाशी होत्या. दगाभाऊंनी दोन्हीकडे बघितलं, रस्ता मोकळा होता, वॉकर पुढे टाकला. मागच्या खेपेला सगळ्या गाड्या थांबल्या होत्या, त्याचाही थोडा भरवसा असेल. ते मध्यावर पोचले आणि मला वळणापलीकडून इंजिन ऐकू आलं. लाल पिकअप. तिसरी खेप.

त्या पिकअपवाल्याला दगाभाऊ दिसत नव्हते. दगाभाऊंना पिकअप दिसत नव्हती. दोन्ही दिसत होतं फक्त मला.

मी रस्त्यावर धावलो. दोन्ही हात वर करून ओरडत सुटलो, "रव! रव रे! रव!" इतकी वर्षं इकडे काढली, पण त्या घटकेला तोंडातून आमची मालवणीच आली. रव म्हणजे थांब. इथे कोणाला कळणार? पण रस्त्यात आडवा आलेला माणूस सगळ्या भाषांत सारखाच कळतो. पिकअपने ब्रेक मारला, टायर ओरडले, गाडी माझ्या बाजूने हातभर अंतरावरून घसरत गेली, कडेच्या मातीत शिरली आणि किलोमीटरच्या दगडाला टेकून थांबली. दगाभाऊंपासून ती चार बैलगाड्यांच्या अंतरावर असेल, नसेल.

पिकअपचं दार उघडून आप्पांचा पुतण्या खाली उतरला. कपाळावर टेंगूळ, बाकी काही नाही. तो दगाभाऊंकडे बघत बघत मातीतच बसला. दगाभाऊंनी वॉकर उचलला, पुढे टाकला, आणि राहिलेला अर्धा रस्ता पार केला. घरात गेले. औषध घ्यायचं होतं ना.

मला नंतर बंदुकीची आठवण झाली. ती माझ्या हातातून कधी पडली होती कळलं नाही. रस्त्यावर पालथी पडलेली, भिंगाला चरा. ही वस्तू काय किमतीची असते ते मला ठाऊक होतं आणि मी खरा घाबरलो तो तेव्हा. कंपनी काय म्हणेल, चाचांची खोली, परत गँग शोधायची. मॅडम धावत आल्या होत्या. त्यांनी बंदूक उचलली, न बघता पिशवीत टाकली आणि मला म्हणाल्या, "काका, तुम्हाला लागलं का?" एवढंच. पुढे त्यांनी कंपनीत काय सांगितलं, मला आजवर कळलेलं नाही. मी विचारलं नाही आणि मला कोणी काही बोललं नाही. काही उपकार असे असतात की त्यांच्याकडे बघायलाही भीती वाटते.

आप्पा आले ते अनवाणीच. पुतण्याला आधी एक लगावली, मग जवळ घेतलं. कलाबाई त्यांच्याकडे न बघता झाऱ्याने कढईतली काळी पडलेली भजी काढून बाजूला टाकत राहिल्या. आप्पांना बहुधा ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आता अडचण अशी की आमच्याजवळ दोन दिवसांचे आकडे होते आणि दोन्ही खोटे. मॅडम म्हणाल्या, "वेग बाजूला ठेवू. दगाभाऊंपासून सुरुवात करू."

वळणावरून गाडी पहिल्यांदा दिसते तिथपासून फाट्यापर्यंत आम्ही टेप लावली. ऐंशीच्या वेगाने ते अंतर किती वेळात कापलं जातं हा हिशेब सोपा. मग दगाभाऊंना रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो ते बघायचं. एका बाजूला सत्तारचाचा लाल फडकं घेऊन, दुसऱ्या बाजूला खुद्द आप्पा, गाड्या अडवून. मॅडमच्या हातात मोबाईलचं घड्याळ. दगाभाऊ तयार. सदरा बदलून आले होते, केस विंचरून.

"चला, दगाभाऊ."

आणि दगाभाऊ असे निघाले! ओठ दातांत, वॉकर खडाखड, कपाळावर शिरा. धावलेच म्हणा ना. पलीकडे पोचून धापा टाकत वळले, मॅडमकडे बघून म्हणाले, "कितला टाइम? बरा शे ना?"

हॉटेलातून कलाबाई ओरडल्या, "अरे देवा! हाई माणूस भी तसाच! रोज चालतस तसं चाला ना! तुमनं लगीन नही लावानं आते!"

सगळे हसले, दगाभाऊही. चाचा म्हणाले, "दगाभाऊ, मोजायला लागलं की सगळेच पैलवान होतात. आराम से." दगाभाऊ जरा खट्टू झाले. ज्या माणसाला चालता येत नाही त्याने सगळ्या गावासमोर आणखी हळू चालून दाखवायचं, हे काय सोपं आहे? ते मला म्हणाले, "तू संगे चाल." मग मी त्यांच्या बाजूने चाललो, आणि गप्पा मारत गेलो. आमच्याकडे काजू कसा होतो, पाऊस किती पडतो. बोलण्याच्या नादात ते त्यांच्या रोजच्या चालीवर आले. गाडी वळणावर दिसल्यापासून फाट्यावर पोचते तेवढ्या वेळात दगाभाऊ निम्मा रस्तासुद्धा ओलांडत नाहीत, हे मॅडमच्या घड्याळात आलं. चाळीसने गाडी आली तर तिला थांबायला जागा मिळते. ऐंशीने आली तर मिळत नाही.

समितीची बैठक होती त्या दिवशी मी कलेक्टर ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून होतो. आत जायचं माझं काम नाही. चाचांनी दोनदा चहा आणला, मी दोन्ही वेळा गार केला. मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. म्हणाल्या, "दोन्ही दिवसांचे आकडे मी त्यांना दाखवले. कसे आले तेही सांगितलं. एक साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला."

"मग?"

"चाळीस. वळणाच्या आधीपासून."

मी परत विचारलं, "वळणाच्या आधीपासून?" त्यांनी परत सांगितलं. माझी ही सवय त्यांना माहीत आहे.

सगळीकडे असं होत नाही, हे लिहायला हवं. धानोऱ्याकडून येताना एक जागा लागते, तिथेही लोकांनी मागितलं होतं. आकड्यांत बसलं नाही, वळण नव्हतं, वस्ती जरा आत होती. तिथून जाताना मी अजून खिडकीतून बाहेर बघत नाही. आणि बोर्ड लागला म्हणजे झालं असंही नाही. बोर्ड हा पत्रा असतो. त्याच्या आधी रस्त्यावर पट्टे मारावे लागतात, कधी गतिरोधक घालावा लागतो, पोलिसांनी अधूनमधून उभं राहावं लागतं. तरीही सगळे ऐकत नाहीत. बरेचसे ऐकतात, एवढ्यावर आमचं समाधान.

फाट्यावर बोर्ड लागला तेव्हा आप्पांनी नारळ आणला. बोर्डाला हार घातला, हळदकुंकू लावलं. लाल गोलातला आकडा हाराने झाकला जात होता, तो चाचांनी सरकवून मोकळा केला. नारळ फुटला, खोबरं वाटलं, आप्पांचं लहानसं भाषण झालं की गावाच्या जिवाची काळजी हे आपलं पहिलं काम आहे. मग त्यांना तालुक्याला कुठे तरी वेळेवर पोचायचं होतं म्हणून ते आधी निघाले. वाटेत काही विसरल्याचं आठवलं म्हणून ते घराकडे परत फिरले, आणि थोड्या वेळाने वळणाकडून त्यांची जीप आली ती चाळीसची नव्हती. माझ्या हातात बंदूक नव्हती, पण इतक्या वर्षांनी डोळ्यांना कळतं.

दगाभाऊ मध्यावर होते.

आप्पांनी बोर्ड बघितला की दगाभाऊंना, सांगता येत नाही. पण ब्रेक लागला, आणि जागा होती म्हणून जीप बऱ्याच अंतरावर थांबली. मागे एक टेम्पो थांबला, त्याच्यामागे एसटी. आप्पांनी इंजिन बंद केलं. कोणी हॉर्न दिला नाही.

दगाभाऊंनी वळून बघितलं, ओळखलं, आणि वॉकरवर दोन्ही हात टेकून शांतपणे म्हणाले, "आप्पा, खोबरं ते तोंडमाच शे ना अजून."

आप्पांनी काचेतून दोन्ही हात जोडले.

मग दगाभाऊ चालायला लागले. वॉकर उचलला, पुढे ठेवला, पाय ओढला. परत उचलला. मध्येच थांबून चपलेतला खडा झटकला. मी त्यांच्याबरोबर चाललो होतो, त्यांची चाल मला चांगली माहीत आहे. त्या दिवशी ते तिच्याहून पुष्कळ हळू चालले.

हॉटेलात कलाबाई कढईतून भजी काढत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.